जुन्या घड्याळाच्या झाकणावरचे ‘वॉटरप्रूफ’ आणि खानदेशचे ऊन

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या मनगटी घड्याळांच्या नव्या हौसेविषयी आलेला लेख मी दुकानात बसूनच वाचला आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही वाचायला दिला. आजोबांच्या पेटीत कित्येक वर्षे पडून राहिलेले एचएमटीचे ‘जनता’ किंवा फेवर-लुबाचे ‘सी चीफ’ नातवाने बाहेर काढावे, पट्टा बदलून हौसेने हातावर बांधावे आणि कॉलेजात मिरवावे, याचा आनंद घड्याळ दुरुस्तीवर पोट असलेल्या माणसाला होणारच. लेखकाने मशीनची, डायलची आणि काट्यांची माहितीही नेटकी दिली आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदात, मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ असे कोरलेले असेल तर पावसाची, हात धुण्याची, फार काय आंघोळीचीही चिंता करू नये, कारण त्या काळचा माल पक्का होता, असा जो सल्ला दिला आहे, तो वाचून राहवले नाही. पावसाळा तोंडावर आला आहे, आणि हा सल्ला मनावर घेतलेल्या वाचकांची घड्याळे आषाढात माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतील. धंद्याच्या दृष्टीने मी तक्रार करू नये. पण त्यांतली काही दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली असतील, म्हणून हे पत्र.

माल पक्का होता हे मलाही मान्य आहे. परंतु मनगटी घड्याळ पाण्यापासून वाचते ते त्याच्या पोलादामुळे नव्हे. पोलादातून पाणी जात नाही हे खरे, पण घड्याळाची केस, म्हणजे मशीन बसवलेली बाहेरची डबी, कुठेतरी उघडावी लागते, तिच्यात कुठेतरी काच बसवावी लागते आणि चावी देण्यासाठी कुठेतरी भोक पाडावे लागते. पाणी शिरते ते या जोडांतून. मागचे झाकण आणि केस यांच्यामध्ये रबराची बारीक रिंग असते. काच जुन्या घड्याळांत बहुधा ॲक्रिलिकची असते आणि ती निव्वळ स्वतःच्या ताणावर, किंवा आतून बसवलेल्या धातूच्या कड्याच्या आधाराने, खाचेत रुतून बसलेली असते. चावीच्या, म्हणजे बाजूला असलेल्या फिरवायच्या बोंडाच्या, पोटात आणखी एक इवलीशी रिंग असते आणि ती केसमधून बाहेर आलेल्या नळीवर घासत फिरते. क्रोनोग्राफसारखी, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळासारखी, बाजूला बटणे असली, तर जितकी बटणे तितकी भोके आणि तितक्याच रिंगा वाढतात.

या सगळ्यांत मी पहिला संशय घेतो तो चावीवर. झाकण चार-पाच वर्षांतून एकदा सर्व्हिसिंगला उघडते, काच तर त्याहून क्वचित निघते, पण चावी रोज फिरते. रोज वीसच फेरे धरले तरी वर्षाला सात हजारांवर फेरे होतात, आणि तितक्या वेळा ती रिंग नळीवर घासली जाते. काही वर्षांनी रिंग झिजते, नळीही एका बाजूने झिजते, आणि चावी बोटांत धरून वर-खाली हलवली की ती डुगडुगताना दिसते. असे घड्याळ वरून कितीही चकचकीत असले तरी पाण्याला त्याची वाट मोकळी असते. पुष्कळ जुन्या स्विस चाव्यांमध्ये ही रिंग आतल्या बाजूने धातूच्या चकतीखाली दाबून बसवलेली असल्यामुळे ती एकटी बदलता येत नाही, पूर्ण चावीच बदलावी लागते, आणि मूळ चावी मिळत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी जुनीच पुन्हा लावून दिली जाते.

‘वॉटरप्रूफ’ हा दावा त्या काळी खोटा होता असे मात्र मी म्हणणार नाही. १९२६ साली रोलेक्सने ‘ऑयस्टर’ ही केस आणली, तिचे झाकणही आट्यांचे होते आणि चावीही आट्यांवर घट्ट आवळली जाई. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लायत्झ ही इंग्रज जलतरणपटू इंग्लिश खाडी पुन्हा एकदा पोहून जाण्यासाठी उतरली, तेव्हा कंपनीचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी तिला हे घड्याळ दिले. थंडीने गारठल्यामुळे तिला दहा तासांनंतर पाण्याबाहेर काढावे लागले, ती खाडी काही त्या दिवशी पार झाली नाही, पण गळ्यात फितीने अडकवलेले घड्याळ चालूच राहिले होते, आणि २४ नोव्हेंबर १९२७ रोजी लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. १९३२ साली ओमेगाने ‘मरीन’ काढले, त्यात एक केस दुसऱ्या केसमध्ये सरकवून बंद होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यासाठी १२ स्विस कंपन्यांनी जी घड्याळे पुरवली, त्यांच्या अटींमध्ये पाण्यापासूनचे संरक्षण होतेच. जपानच्या सिटिझनने १९५९ साली ‘पॅरावॉटर’ आणले आणि १९६३ पासून ही घड्याळे तरंगत्या बोयांना बांधून प्रशांत महासागरात सोडून दिली. दूरच्या किनाऱ्यांवर ती चालू स्थितीत सापडली. याच सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला होता. आपल्या आजोबांच्या पिढीने त्या शब्दावर विश्वास ठेवला, तो आंधळेपणाने ठेवलेला नव्हता.

फक्त हे लक्षात घ्यावे, की यांतले प्रत्येक घड्याळ परीक्षेच्या वेळी नवे कोरे होते. ग्लायत्झबाईंच्या गळ्यातल्या घड्याळाची रिंग ताजी होती, महासागरात सोडलेल्या घड्याळांच्याही रिंगा ताज्या होत्या. रोलेक्सने १९३१ साली हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे मशीन आणले, त्याचा एक मोठा फायदा हाच होता की चावी वारंवार उघडावी लागू नये. म्हणजे खिंडार कुठे आहे ते कंपनीलाही ठाऊक होते. झाकणावर कोरलेला शब्द हा घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाचा दाखला आहे. १९७२ साली दिलेला आरोग्याचा दाखला आज कोणी मागत नाही आणि दाखवतही नाही, पण घड्याळाच्या बाबतीत आपण तो सर्रास ग्राह्य धरतो.

आता रबराविषयी. ते वापरले नाही तरी म्हातारे होते; हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता ही दोन कारणे त्याला पुरतात. घरातल्या कुकरची रिंग दरवर्षी-दोन वर्षांनी कडक होते आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ जाऊ लागते, ही गोष्ट कोणत्याही गृहिणीला सांगावी लागत नाही, ती मुकाट्याने नवी रिंग आणते. पण तीच रिंग सुताएवढी बारीक करून घड्याळात बसवली की ती पन्नास वर्षे टिकेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात काय दिसते ते सांगतो. झाकण उघडले की काही घड्याळांत रिंग अखंड दिसते, पण चिमट्याने उचलायला गेले की तिचे तुकडे होतात, इतकी ती ठिसूळ झालेली असते. काहींमध्ये उलट, ती वितळून डांबरासारखी काळी चिकट रेघ झालेली असते आणि ती लाकडी काडीने खरवडून, पेट्रोलच्या बोळ्याने पुसून काढण्यात जितका वेळ जातो तितका मशीन धुण्यातही जात नाही. त्या काळ्या रेघेचा कण एखाद्या चाकाच्या दात्यात गेला की घड्याळ बंद, म्हणून ही साफसफाई घाईने करता येत नाही. रेघेखाली बहुतेक वेळा दुसरे दुखणे निघते. स्वस्त घड्याळांची केस पोलादाची नसून पितळेची असते आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. घामातले मीठ झाकणाच्या फटीत साचून राहते, मुलामा फुगतो, खाली हिरवट कीट धरतो आणि रिंग ज्या सपाट कडेवर टेकायची ती कडच खड्ड्याखड्ड्यांची होते. मग रिंग कितीही नवी घाला, तिच्याखालून वाट राहतेच.

आणि आपण खानदेशात राहतो. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको. ही हवेची, सावलीतली उष्णता झाली. यावल-रावेरकडच्या केळीच्या मळ्यात दुपारी काम करणाऱ्या माणसाच्या हातावरचे, किंवा मोटारसायकलवर भर उन्हात चोपड्याहून आलेल्या माणसाच्या हँडलवरच्या मनगटावरचे घड्याळ हात भाजेल इतके तापते. लंडन-जिनिव्हाच्या हवेत जी रिंग दहा वर्षे तग धरेल, तिची आमच्याकडे निम्मीही शाश्वती मी देत नाही. शिवाय उन्हाने केवळ रबर वाळते एवढ्यावर भागत नाही. बंद केसमधली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि ढिल्या जोडातून ती थोडीथोडी बाहेर पडते. मग तोच माणूस शेतातल्या टाकीच्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालतो, केस एकदम थंड होते आणि आतली हवा आकसते. हिशेब अवघड नाही. ४५ अंशांवरची हवा २५ अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी घटतो, म्हणजे जवळजवळ साठ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ आतून बाहेरच्या पाण्यावर बसते. वरवरच्या पाण्यात नुसता हात बुडवला, खोल कुठे गेलो नाही, असे गिऱ्हाईक शपथेवर सांगते आणि ते खोटे बोलत नसते. पाण्याने दाबून प्रवेश केलेला नसतो, घड्याळानेच त्याला आत ओढून घेतलेले असते.

याच कारणासाठी गरम पाणी थंड पाण्याहून वाईट. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यावर माणसे हौसेने स्नान करतात, तिथे घड्याळ काढून ठेवावे, मग त्याच्या झाकणावर काहीही कोरलेले असो. गरम पाण्याने रबर व ॲक्रिलिक दोन्ही मऊ पडून फुगतात, पोलाद त्या मानाने फुगत नाही, आणि जोड जिथे घट्ट हवा तिथेच सैल होतो. आंघोळीत याच्या जोडीला साबण येतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्यावर येतो, आणि जी फट साधे पाणी थेंब धरून ओलांडू शकत नाही ती साबणाचे पाणी सहज ओलांडते. लेखातला आंघोळीचा उल्लेख मला सर्वांत जास्त खटकला तो यामुळे.

काही वाचक म्हणतील, की आमच्या घड्याळावर तर ३० मीटर किंवा ५० मीटर असा आकडाच आहे. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका असतो, तेव्हा ३० मीटर म्हणजे बाहेरून तीन वातावरणांचा जादा दाब. तीन सेंटीमीटर व्यासाच्या काचेवर तो वीस किलोंहून अधिक भाराइतका पडतो. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर पाण्यातल्या, ठरावीक वेळेच्या चाचणीचा असतो. माणसाने तिथवर बुडी मारावी असा त्याचा अर्थ नाही. या बाबतीत एक लोकप्रिय स्पष्टीकरण असेही फिरते, की पोहताना हात जोराने मारल्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो आणि म्हणून ३० मीटरचे घड्याळ हौदातही भिजते. ते मला पटत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात पाण्यात फिरवला तरी त्याने वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याइतकाच भरतो. विहिरीच्या काठावरून सूर मारताना बसणारा क्षणाचा आघात वेगळा, पण साध्या पोहण्याने चांगल्या घड्याळात पाणी शिरत नाही. शिरते ते रिंग वाळल्यामुळे, आणि दोष आपण आकड्याला देतो. ‘कॉम्प्रेसर’ नावाच्या काही जुन्या स्विस केस तर अशा बनवलेल्या होत्या, की पाणी जितके खोल तितके झाकण रिंगेवर अधिक आवळले जाई. असे घड्याळ सुस्थितीत असताना समुद्रात निश्चिंत राहील आणि रिंग म्हातारी झाली की वॉश बेसिनच्या नळाखाली भिजेल, कारण तिथे ते आवळण्यापुरता दाबच नसतो.

काचेवर धरणाऱ्या वाफेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. श्रावणात दमट हवेत दुकानदाराने झाकण बंद केले आणि ते घड्याळ घालून गिऱ्हाईक पौषातल्या पहाटे शेतावर गेले, तर काचेच्या आतून मधोमध अगदी फिकट धुके दिसते आणि घड्याळ अंगाच्या उबेने गरम होताच ते नाहीसे होते. एवढ्यावरून पाणी शिरले म्हणून घाबरू नये. ३० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. घड्याळातली मोकळी जागा फार तर एक-दीड घन सेंटीमीटर, म्हणजे आतल्या सगळ्या हवेतले बाष्प एका थेंबाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास येते. एवढ्याशा बाष्पाचे काचेवर ओघळ होऊ शकत नाहीत. म्हणून डोळ्यांना सुटे थेंब दिसत असतील, काचेच्या कडेला पाण्याची कड धरली असेल, किंवा धुके दुपारपर्यंतही जात नसेल, तर ते हवेतले बाष्प नव्हे, बाहेरून आलेले पाणी आहे आणि त्याने आत मुक्काम केला आहे. घड्याळ चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चालू असतानाच गंज चढत असतो. सर्वांत आधी चावीचा पोलादी दांडा गंजतो, मग चावी लावण्याचे व वेळ बदलण्याचे लहान पोलादी भाग. पितळी प्लेटा तोवर जशाच्या तशा असतात आणि मालकाला काहीच कळत नाही. एक दिवस चावी ओढताना दांडा आतच मोडतो तेव्हा तो दुकानात येतो.

पाणी शिरल्याचे दिसताच घड्याळ उन्हात ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उन्हाने आतले पाणी वाफ होऊन सबंध मशीनभर पसरते आणि रात्री थंड झाले की हेअरस्प्रिंग नावाच्या बारीक कमानीवर, दात्यांवर, डायलच्या पाठीवर पुन्हा उतरते. जे एका कोपऱ्यात होते ते घरभर होते. तांदळाच्या डब्यात घालण्याचाही उपयोग नाही, कारण झाकण बंद असताना तांदूळ आतले पाणी शोषणार कसे. चावी वारंवार ओढून पाहू नये, हाताला बांधून ठेवू नये, आणि शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते कारागिराकडे देऊन पूर्ण उघडून, सुटे करून, धुऊन, नवे तेल देऊन घ्यावे. समुद्रावरून भिजून आलेले असेल तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. घरी सुरीने झाकण उचकटण्याचा मोह अवश्य टाळावा. १९६० पूर्वीच्या पुष्कळ घड्याळांच्या काट्यांवर व आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो, ओलाव्याने तो भुसभुशीत होऊन गळतो, आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणे चांगले नाही.

आता जुनी घड्याळे ‘नवी करून’ विकणाऱ्यांविषयी लिहिणे भाग आहे. अलीकडे फोनवरून मागवलेली अशी घड्याळे माझ्याकडे येतात. डायल नव्याने रंगवलेले, अक्षरे जराशी जाड, केस पॉलिशच्या चाकावर इतकी घासलेली की मूळ कंगोरे गोल झालेले. विकणाऱ्याच्या जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ठळक असतो, कारण तो झाकणावर कोरलेलाच आहे. एका गिऱ्हाइकाने आणलेले असे एक फेवर-लुबा मी त्याच्यासमोर उघडले. झाकणाखाली रिंग नव्हतीच. तिची खाच पॉलिशच्या मळाने भरलेली होती. चावी दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाची, नळीपेक्षा मोठी, तिच्या पोटात रबर नाही. काच खाचेत चिकटवण्यासाठी पातळ गोंद वापरलेला, आणि तोही एका बाजूने सुटलेला. मशीन मात्र व्यवस्थित चालत होते, आणि तेच पाहून त्याने पैसे दिले होते. असे घड्याळ विकणारा फसवतोच असे मी म्हणत नाही, त्याला स्वतःलाच ठाऊक नसण्याचा संभव आहे. पण नुकसान गिऱ्हाइकाचे होते, आणि फोनवरच्या विक्रेत्याला पुन्हा गाठणे किती कठीण असते ते सर्वांना ठाऊक आहे.

याच संदर्भात ‘जुना पण न वापरलेला’ मूळ कंपनीचा माल मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांना एक सांगायचे आहे. केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली, त्याआधीच कारखाने मंदावले होते. बंद पाकिटातली चावी, काच, काटे हे भाग घ्यावेत, ते उत्तम असतात. पण पाकिटातली रबराची रिंग ही पाकिटातच म्हातारी झालेली असते. मूळ असण्याचा अभिमान रिंगेच्या बाबतीत सोडावा आणि त्याच मापाची, आजच्या नायट्राइल रबराची साधी रिंग घ्यावी. जाडी आणि व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागात जुळवावा लागतो, तेवढे कारागिराने पाहावे. तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. खेडोपाडी व्हॅसलिन लावून देतात, त्याने जुने नैसर्गिक रबर फुगते आणि लवकर सडते.

नवी रिंग घातली म्हणजे घड्याळ पाण्याला तयार झाले असेही नव्हे, ते तपासावे लागते. मोठ्या शहरांतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये हवेच्या दाबाने केस किती दबते व पुन्हा किती फुगते हे मोजणारे यंत्र असते, त्यात पाण्याचा संबंधच येत नाही, म्हणून जुन्या घड्याळाला तेच योग्य. दुसरी पद्धत म्हणजे मशीन काढून ठेवून रिकामी केस हवेच्या दाबात ठेवायची, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू कमी करायचा आणि बुडबुडे कुठून निघतात ते पाहायचे. बुडबुड्यांची सरळ माळ चावीजवळून निघताना दिसली की निदान झाले. आणखी एक चाचणी पाण्यापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे २०१० च्या आयएसओ २२८१० मध्ये आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश तापमानाच्या तव्यावर गरम करायचे, मग काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून पुसायचा आणि आतून धुके धरते का ते बघायचे; धरले तर आत ओलावा आहे. वैशाखात भुसावळला तव्याचीही गरज पडत नाही, टेबलावर ठेवलेले घड्याळ आपोआप त्या तापमानाला येते, आणि माठातल्या पाण्याचा एक थेंब पुरतो. ही चाचणी आतला ओलावा दाखवते, केस पाणी अडवेल की नाही हे ती सांगत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर तपासणीत उतरलेले जुने घड्याळसुद्धा पाण्यात घालू नये. रिंग बदलायची ती पोहण्यासाठी नव्हे, तर घाम, धूळ आणि अचानक गाठलेली पावसाची सर यांतून घड्याळ वाचावे म्हणून; कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा केळीच्या बागेत काम करणाऱ्याच्या घड्याळात तर पाण्याआधी धूळच शिरते. कानबाईच्या विसर्जनाला नदीत उतरताना, पोळ्याला बैल धुताना ते खिशातही ठेवू नये, घरीच ठेवावे. ज्याला पाण्यात घड्याळ लागते त्याने नवे घ्यावे, आजची स्वस्त घड्याळेही त्या कामाला पुरेशी असतात.

दुकानदार बंधूंना एक विनंती आहे. सर्व्हिसिंगच्या पावतीवर आपण मशीन धुतले, तेल दिले एवढे लिहितो; तिथेच झाकणाची रिंग बदलली किंवा नाही, चावी बदलली किंवा नाही, दाबाची तपासणी झाली किंवा नाही, हे तारखेसह लिहावे. पावसाळ्यात झाकण बंद करण्यापूर्वी घड्याळ टेबललॅम्पखाली थोडे कोमट करून घ्यावे, म्हणजे आत दमट हवा कोंडली जात नाही. विकणाऱ्यांनी जुन्या घड्याळाच्या जाहिरातीतून तो शब्द काढून टाकावा, आणि झाकणाच्या छायाचित्रात तो दिसणारच असेल तर खाली एका ओळीत सद्यस्थिती सांगावी. आपणही पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी, पावसाला सुरुवात होण्यापूर्वी छापता आली तर अधिक बरे.

जाता जाता, लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातल्या घड्याळाविषयी. डायलवर तीनच्या आकड्याजवळ, बरोबर चावीच्या तोंडाशी, फिकट तपकिरी अर्धवर्तुळ उमटलेले दिसते. छपाईचा दोष नसेल, तर चावीवाटे ओलावा आत येत आहे. ज्यांचे ते घड्याळ असेल त्यांनी ते याच आठवड्यात उघडून घ्यावे आणि दांडा गंजला आहे का ते आधी पाहायला सांगावे.

आपला नम्र,
घड्याळ दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक
भुसावळ, जि. जळगाव